झिराडची चाल

बेन्सियन झिराडकरने आयुष्यात एकच गाणं केलं आणि त्या एका गाण्याने अर्धं जग नाचवलं. एवढं ऐकून कुणीही म्हणेल, माणूस नशीबवान. त्याच्या समाजाचंही तेच मत आहे. हा समाज म्हणजे टोरोंटोतले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्रायल. कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून इकडे आलेले. सगळे जमले तरी एखाद्या कॉन्डोच्या पार्टी रूममध्ये मावतील आणि वर खुर्च्या उरतील. त्यांच्यात कुणी नवा पाहुणा आला की बेन्सियनकडे बोट करून सांगतात, "हेलियावाला तो हाच." पाहुणा डोळे मोठे करतो, ते गाणं गुणगुणतो, आणि बेन्सियन दाढ दुखत असल्यासारखा हसतो.

'हेलिया' सत्त्याण्णव साली आलं. धाडधाड ठोका, वर चढत जाणारा एका बाईचा आवाज, आणि शब्द म्हणाल तर कशालाच काही अर्थ नाही. पण ज्या ओळीवर ती बाई एकदम वर उडी मारते ना, तिथे फिनलंडपासून मेक्सिकोपर्यंत लोकांनी हात वर केले. पोलंडमध्ये ते लग्नात वाजलं, ब्राझीलमध्ये फुटबॉलच्या मैदानात. पुढे लोक विसरले. मग दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा मुलीने बर्फावर स्केटिंग करताना ते लावलं, त्याचा व्हिडिओ फोनाफोनांतून फिरला, आणि पुन्हा जिकडेतिकडे तेच. नो फ्रिल्सच्या दुकानात कांदे निवडताना तेच, सबवेत शेजारच्याच्या कानातून झिरपणारं तेच.

आता खरी गोष्ट अशी की ती चाल बेन्सियनची नव्हतीच. ती त्याच्या वडिलांची, हस्केल झिराडकरांची.

बेने इस्रायलांच्या घरी काही चांगलं घडलं, नवस फेडायचा असला, कुणी दुखण्यातून उठलं, की मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं, ताटात एक गुलाब. ते ताट पुढे ठेवून एलियाहू हानाबीची, म्हणजे एलिया पैगंबराची, आठवण करायची आणि त्याच्या नावाने गायचं. अलिबागजवळ त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे असं हे लोक मानतात, म्हणून तो त्यांच्या घरचाच. हे गाणं सगळे म्हणतात, पण मूळच्या झिराड गावच्या झिराडकरांच्या घरात त्याची चाल वेगळी होती. हस्केल पेटीवर ती म्हणत. पैगंबराचं नाव आलं की सूर वर जायच्या ऐवजी खाली उतरायचा, मध्येच एका श्वासाएवढा थांबायचा, आणि मग कुठूनतरी हळूच वर यायचा. कुठून, ते काही सांगता यायचं नाही. तो सूर पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी राहत असे. म्हणून हस्केल त्या जागी बोटं उचलून घेत आणि नुसत्या गळ्याने ती ओळ पार करत. ऐकणाऱ्याला वाटे, वाट पाहून पाहून दमलेला माणूस उंबऱ्यावर बसला आहे आणि तरीही उठत नाही.

बेन्सियन पंचविशीत होता तेव्हा मिसिसागाच्या एका बेसमेंटमध्ये डॅरन नावाच्या मित्राबरोबर कीबोर्डवर खेळत असे. त्याने सहज ती चाल वाजवली. डॅरन उडालाच. "पण ही मधली भानगड काढ," तो म्हणाला. "ठोक्यात बसत नाही. आणि खाली काय जातोस? वर जा, मॅन, वर!" बेन्सियनने उतरण काढली, थांबणं काढलं, आणि त्या जागी सरळ वर उडी मारली. पुढचं सगळ्या जगाला ठाऊक आहे.

त्याच्या आईने, क्वीनीबाईंनी, गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात मासे साफ करत होत्या. "करायला गेलास गणपती आणि झाला मारुती," त्या म्हणाल्या. सात पिढ्या मूर्तीपुढे हात न जोडलेल्या घरातही ही म्हण बिनदिक्कत चाले. हस्केलनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं, "तुझ्या गाण्यात दम आहे" एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

खरी पंचाईत नंतर झाली. मलिद्याला जमलेल्या पोराटोरांना आता ती ओळ ओळखीची झाली होती. हस्केल उतरायला लागले की बाकी सगळे टाळ्या पिटत वर उडी मारत. पोरांचं बघून आया, आयांचं बघून आज्या. आपलं गाणं जगात गाजतंय म्हटल्यावर कुणाला अंगावर मूठभर मांस चढणार नाही? हस्केल सुरुवातीला आपल्याच चालीने म्हणत राहिले, पण एवढ्या आवाजांपुढे एका म्हाताऱ्याचं काय चालणार. मग त्या जागी ते नुसते ओठ हलवायला लागले. पुढे तेही बंद झालं. ते गेले तेव्हा त्यांच्या तोंडून ती ओळ ऐकून किती वर्षं झाली होती, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. बेन्सियनच्याही नाही. मी तर म्हणते, त्याच्या तर मुळीच नाही.

यंदा नोव्हेंबरात क्वीनीबाईंना हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह वॉर्डात हलवलं. कॅन्सर यकृतात पोचला होता आणि आता बरं करण्याची भाषा डॉक्टरांनी सोडली होती. पोटात पाणी भरलं होतं, हात काडीसारखे झाले होते, पण जीभ शाबूत होती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला जवळ बोलावलं.

"बेनी, मला जायच्या आधी मलिदा करायचाय."

"करू की आई. इथल्या फॅमिली लाउंजची परमिशन घेतो."

"लाउंज-बिउंज तुझं तू बघ. मला तुझ्या बापाची चाल हवी. तुझी ती धांगडधिंग्याची नको. हस्केलची. झिराडची."

"आई, थोडाफार फरक…"

"थोडाफार?" क्वीनीबाईंनी डोळे वटारले. "मला गळा नाही रे, फुटका डबा आहे माझा. पण कान आहे. लग्न झाल्यापासून ऐकलंय मी त्याला. चुकलास तर मला कळेल."

बेन्सियनने तिथेच, पलंगाशेजारी बसून, हलक्या आवाजात सुरुवात केली. पहिल्या ओळी बरोबर आल्या. पैगंबराचं नाव आलं आणि गळा सवयीने वर गेला. त्याने स्वतःला आवरलं, मागे आला, खाली उतरायचा प्रयत्न केला. कुठे उतरायचं तेच सापडेना.

"नाही," क्वीनीबाई म्हणाल्या.

त्याने दुसऱ्या सुरावर उतरून पाहिलं.

"नाही."

तो रात्री घरी गेला आणि कीबोर्ड काढून बसला. हा माणूस चरितार्थासाठी मुलांना कीबोर्ड शिकवतो, लग्नांत डीजे म्हणून जातो, सुरांची त्याला काही कमी नाही. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वडिलांचा आवाज आठवायला जावं तर आधी ती बाई वर उडी मारायची. तिच्या मागे कुठेतरी वडील होते, एवढं कळायचं. ते काय म्हणताहेत ते ऐकू यायचं नाही.

रेकॉर्डिंग नव्हतं. घरात रोजच्या असलेल्या गोष्टीचं कोण रेकॉर्डिंग करून ठेवतो? एक व्हिडिओ कॅसेट सापडली, त्याच्या मुलीच्या, मिकाच्या, नाव ठेवण्याच्या दिवशीच्या मलिद्याची. मिकाने ती कुठल्यातरी दुकानातून कॉम्प्युटरवर घालून आणली आणि बापलेक पाहायला बसले. चित्रात हस्केल होते, पेटी होती. ती ओळ आली. हस्केलनी पट्ट्यांवरून बोटं उचलली, मान किंचित कलती केली, ओठ उघडले. आणि खोलीतल्या यच्चयावत माणसांनी टाळ्या वाजवत उडी मारली. त्यांत सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा, तर कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या बेन्सियनचा.

त्याने तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. आवाज गाळायची नाना सॉफ्टवेअरं वापरून पाहिली. खाली काही निघालं नाही. ओठ दिसत होते आणि ओठांवर त्याचाच आवाज होता.

"डॅड, स्टॉप," मिका म्हणाली. "यू आर टॉर्चरिंग युअरसेल्फ."

"तुला आठवतं का गं, आजोबा कसे म्हणायचे?"

"आय ओन्ली नो युअर वन." तिने खांदे उडवले. मग तिलाच वाईट वाटलं आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

उरली एकच जागा. हस्केलची धाकटी बहीण मिल्का व्हँकुव्हरजवळ सरे गावात मुलाकडे राहते. फोनवर तिला ऐकू कमी येतं, म्हणून बेन्सियन शनिवारचा शब्बाथ संपताच विमानाने व्हँकुव्हरला गेला आणि सकाळी स्कायट्रेनने सरेला पोचला. बाहेर पाऊस, आत हीटर, आणि मिल्काआत्या सोफ्यावर शाल पांघरून बसलेली. तिने त्याला आधी जेवू घातलं. नारळाच्या दुधातली कढी, भात, वर चार घास जास्तीचे. एवढं झाल्यावर त्याने विषय काढला.

"आत्या, आपली झिराडची चाल. मलिद्याची. तू म्हणून दाखव ना. बाबा म्हणायचे तशी."

"त्यात काय! आमच्या आजाने बसवलेली चाल ती." आत्याने शाल सारखी केली, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. बेन्सियनच्या अंगावर काटा आला. तेच उच्चार, तोच वडिलांसारखा नाकातला किंचित स्वर. त्याने फोन पुढे धरला. पैगंबराचं नाव आलं.

आत्याने उडी मारली. वर, सरळ, डॅरनच्या बेसमेंटमध्ये मारली होती तिथेच. शिवाय मांडीवर ठोका.

"आत्या, ही नाही," तो म्हणाला. "हे वळण मी केलंय. गाण्यासाठी."

आत्याने डोळे उघडले. "तू केलंस? चोराच्या उलट्या बोंबा! लहानपणापासून म्हणत आलेय मी हे. आमच्या घरातलं उचललंस, जगाला विकलंस, आणि आता मलाच शिकवतोस होय रे?"

"खाली उतरायचं ना आत्या? थांबायचं मध्ये. आठव ना जरा."

"खाली कशाला उतरू? पैगंबराचं नाव घेताना माणूस वर बघतो की खाली? अरे, इस्रायलला माझ्या नातीच्या लग्नात सगळा हॉल म्हणत होता. अश्दोदचे, दिमोनाचे, सगळे आपलेच लोक. सगळे एका सुरात, वर! ते सगळे चूक आणि तू एकटा बरोबर?"

आत्या खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसंच आठवत होतं. तिचा मुलगा योआव म्हणाला, "चिल, बेनीदादा, इट्स द सेम थिंग." बेन्सियनने आत्याच्या पाया पडल्यासारखं वाकून तिचे गुडघे दाबले. दुपारच्या विमानाने तो परत निघाला.

म्हणजे आता जगात त्या चालीचा पत्ता एकाच ठिकाणी होता. क्वीनीबाईंच्या कानात. त्या गाऊ शकत नव्हत्या, पण नाही म्हणू शकत होत्या. बेन्सियनला विमानात हे सुचलं आणि त्याला चक्क आशा वाटली. आई नाही म्हणत गेली तर एकेक चूक गळत जाईल, आणि कधीतरी बरोबर जागेवर पाय पडेलच की! अंधारात भिंत चाचपत दिव्याचं बटण शोधतात तसंच हे.

मग त्याने रोज तेच केलं. शिकवण्या रद्द केल्या, पेटी हॉस्पिटलात नेऊन ठेवली आणि आईच्या उशाशी बसला. एक उतरण म्हणायची, आईकडे बघायचं. "नाही." थोडी वाकवून म्हणायची. "नाही." कधी क्वीनीबाई वैतागत. "तुझा बाप काय जिना उतरत होता का धडधड?" कधी म्हणत, "जवळ आलास, पण नाही." त्या दिवशी बेन्सियन जेवला, हसला, मिकाला फोन करून सांगितलं की जवळ आलोय. दुसऱ्या दिवशी ते जवळचं पुन्हा सापडलं नाही.

वॉर्डात ग्रेस नावाची फिलिपिनो मदतनीस होती. क्वीनीबाईंना पुसून काढायचं, कूस बदलायची, केस विंचरायचे, सगळं तिच्या हाती, आणि हात फार मायेचा. पेटी ऐकून तिने विचारलं तेव्हा मिकाने अभिमानाने सांगून टाकलं. ग्रेसने तोंडावर हात ठेवला. "ओ माय गॉड! माझ्या आईबाबांची ओळख या गाण्यावर नाचताना झाली, सेबूला!" तेव्हापासून ती क्वीनीबाईंना आंघोळ घालताना 'हेलिया' गुणगुणायला लागली. अगदी हळू, अंगाईसारखं. बेन्सियनला तिला थांबवायचं होतं. पण मरणाऱ्या आईचं अंग इतक्या प्रेमाने पुसणाऱ्या बाईला गाऊ नको म्हणून कसं सांगणार? त्याने नाही सांगितलं.

औषध वाढलं. क्वीनीबाई झोपून असायच्या, जागल्या की थोडं बोलायच्या. "नाही" म्हणायला आता वेळ लागायचा. बेन्सियन ओळ म्हणून थांबायचा, त्या भुवया जवळ आणायच्या, कुठेतरी लांब शोधायच्या, मग म्हणायच्या, "नाही रे बाळा." एकदा बराच वेळ गेला आणि त्या म्हणाल्या, "पुन्हा म्हण, नीट ऐकलं नाही." त्याने पुन्हा म्हटलं. तोवर त्यांना झोप लागली होती.

डॉक्टर म्हणाल्या, काय करायचं ते या आठवड्यात करून घ्या.

रविवारी मलिदा ठेवला. फॅमिली लाउंजमध्ये मंडळी जमली, बर्फातले बूट दाराशी काढून मोज्यांवर बसली. मेणबत्ती लावायला परवानगी नव्हती, म्हणून बॅटरीचे दिवे. मिकाने पोहे भिजवले होते, यूट्यूब बघून, पण चांगले झाले होते. ताटात सफरचंद, केळी, खजूर, डाळिंब, संत्रं, मधोमध सुपरमार्केटचा गुलाब. ग्रेसने क्वीनीबाईंना चाकांच्या खुर्चीत बसवून आणलं. डोक्याला रेशमी स्कार्फ, अंगावर लग्नातला शालू शालीसारखा गुंडाळलेला. बायकांनी डोळे पुसले.

बेन्सियनने सगळ्यांना आधीच विनवून ठेवलं होतं. त्या ओळीला कुणी म्हणायचं नाही, मी एकटा म्हणेन. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याने मनाशी त्यातल्या त्यात बरी उतरण ठरवली होती, 'जवळ आलास'च्या दिवसाची म्हणून आठवत होती ती. चूक असणार हे त्याला माहीत होतं. आई नाही म्हणेल, सगळ्यांसमक्ष म्हणेल, आणि त्याला तेही चालणार होतं.

त्याने पेटी ओढली. गाणं सुरू झालं. पैगंबराचं नाव आलं, बेन्सियन उतरू लागला, आणि मंडळींना काही राहवेना. वर्षानुवर्षांची सवय, वर समोर अशी ताटातूट. सगळे रडत रडत, टाळ्या वाजवत वर गेले. ग्रेससुद्धा. बेन्सियनचा आवाज त्या सगळ्यांत पार बुडाला.

क्वीनीबाईंनी डोळे उघडले. चेहरा उजळला. त्यांनी हात थोडा उचलून ठोका धरला.

"हेच," त्या म्हणाल्या.

बेन्सियनची बोटं थांबली. "काय म्हणालीस, आई?"

"हेच रे. हस्केल असाच म्हणायचा." आणि त्या अशा हसल्या की पाहणाऱ्यांना हुंदके आवरेनात. कुणीतरी बेन्सियनची पाठ थोपटली. "फेडलेस रे, आईचे पांग फेडलेस!"

क्वीनीबाई कुणाचं मन राखायला खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या, मुलाच्या गाण्यालाही नाही. बेन्सियनला ते ठाऊक होतं, म्हणजे आईला आता खरंच तसंच आठवत होतं. इतके दिवस त्याला वाटत होतं, आपण आईच्या कानातून चाल काढून घेतोय. त्याने तर तिच्या उशाशी बसून, रोज, तासन्‌तास, चुकीचं तिच्या कानात ओतलं होतं. उरलंसुरलं ग्रेसच्या मायेने पुसून काढलं.

"अजून एकदा म्हण," क्वीनीबाई म्हणाल्या.

या वेळी सगळ्यांनी खरोखरच तोंडं मिटून घेतली. बेन्सियनने पहिल्यापासून सुरुवात केली. ती ओळ आली तेव्हा तो ना वर गेला ना खाली. त्याने तोंडाला येईल ते म्हटलं. मुद्दाम बेसूर, वेडंवाकडं, ज्याला ना झिराड म्हणता येईल ना बेसमेंट, असं काहीतरी. आणि आईकडे बघत राहिला. नाही म्हण, आई. एकदाच म्हण. माझ्या थोबाडीत मार, पण नाही म्हण.

"डॅड?" मिका हळूच म्हणाली. "यू मेस्ड अप."

क्वीनीबाईंनी डोळे मिटले होते. ओठांवर तेच हसू होतं.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच, हेच."

मग फळांवरचे आशीर्वाद झाले आणि ताट फिरलं. मिकाने चिमूटभर गोड पोहे आजीच्या ओठांना लावले. बेन्सियनच्या हातावरही कुणीतरी पोहे ठेवले आणि आजूबाजूचे सगळे खात होते, म्हणून त्यानेही खाल्ले.